गावठी गुलाब आणि बदामभाभी

बदामभाभींच्या गुणानुवाद सभेत मला बोलायला उभं केलं. जैन मंडळींत माणूस गेलं की स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, सगळे जमतात आणि गेलेल्याचे गुण सांगतात. नुसते गुण, बाकी काही नाही. ओतूरची निम्मी पेठ आली होती. आळ्याहून भाभींच्या लेकीकडची माणसं आली होती. एकेक जण उठून सांगत होता की भाभींनी जन्मात कुणाला उणा शब्द ऐकवला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाचं मन मोडलं नाही. सगळं खरं होतं. मग त्यांचा मुलगा राजेंद्र माइक घेऊन माझ्यापाशी आला. "सुमनमावशी, तुम्ही सगळ्यांत जवळच्या. दोन शब्द बोला." मी उठले, "भाभी कधी कुणाला दुखावून बोलल्या नाहीत," एवढं म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं. मला काही भरून वगैरे आलं नव्हतं. माझं पुढचं वाक्य गुणांत बसण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते गिळलं.

ते इथं लिहिते.

आमचं आणि त्यांचं म्हणजे एकाच घराचे दोन मजले. खाली त्या, वर आम्ही. त्यांच्या यजमानांचं, शेठजींचं, पेठेत कापडाचं दुकान होतं. वरचा मजला आम्ही त्यांच्याकडूनच विकत घेतला, कारण माझी नोकरी ओतूरच्या एसटी स्टँडवर, पास द्यायच्या खिडकीत. सासर पिंपरी पेंढारला. आमचे हे तिथली शेती बघायचे आणि मोटारसायकलवरून रोज ये-जा करायचे. सकाळी माझी कामाला निघायची आणि भाभींची स्थानकात जायची वेळ एकच. "चला भाभी, तुमी तुमच्या स्थानकात, मी माझ्या," असं मी म्हणायचे आणि त्या हसायच्या. दर वेळी तेवढंच हसायच्या, जणू विनोद आजच पहिल्यांदा कानावर पडलाय. त्यांना तो पहिल्या दिवशी तरी आवडला होता का, हे मला आता सांगता येणार नाही.

बुटकी मूर्ती, नाकात हिऱ्याची फुली, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. बोलताना समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची सवय. मी खिडकीत दिवसभर पोरांवर ओरडून आलेली असायची, आवाज बसलेला, डोकं तापलेलं. भाभींनी हात धरून नुसतं "दमलात ना ताई?" म्हटलं की मला त्यांच्या ओट्यावरच बसावंसं वाटायचं. घरच्या माणसांनी विचारावं ते त्या विचारायच्या.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमचा उभा दावा. त्या एका पेल्यात तोंड धुवायच्या. खरंच एका पेल्यात. मी समोर उभी राहून बघितलंय. त्यांच्या नळाला कायम गरणं बांधलेलं असे, म्हणजे पाणी गाळायचं जाड, दुहेरी, पांढरं फडकं. त्याच्या कडेला लाल दोऱ्याची टीप त्या स्वतःच्या हाताने घालायच्या. गाळून झालं की फडकं उलटं करून, त्यावर हलक्या हाताने पाणी सोडून, ते मागच्या विहिरीत पोचवायच्या. फडक्यात अडकलेला बारीक जीव आपल्या ठिकाणी परत जावा म्हणून. आणि मी सज्जा धुवायला दोन बादल्या ओतणारी. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं, त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्यांची भांडी वाजायची थांबली की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "चला, दिवा लावा."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी ह्यांनी शेतातल्या कांद्याची एक गोणी खाली नेऊन दिली. शेजारधर्म. आमच्या जुन्नर भागात कांदा दिला म्हणजे आपल्या हाताने सोनं दिल्यासारखं. भाभींनी दोन्ही हात जोडून ती घेतली. "वा, किती एकसारखा कांदा आहे! कशाला एवढं?" पुढच्या वर्षीही दिली, त्याच्या पुढच्याही. एकदा आमच्याकडे धुण्याला येणारी हिराबाई म्हणाली, "वहिनी, तुमच्या शेतातला कांदा लई गोड बगा." मी म्हटलं, "तुला कुठनं मिळाला?" तर म्हणाली, "खालच्या भाभी देत्यात की दर वर्षी. त्या कुठं कांदा खात्यात?" मला एकदम उजेड पडला. जैन घर, कंदमूळ वर्ज्य, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांनी इतक्या आनंदाने गोणी घेतली की डोक्यातच आलं नाही. मी धावत खाली गेले. "भाभी, तुमी सांगायचं तरी!" त्या माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊंनी एवढ्या प्रेमानं आणला. नाही कसं म्हणायचं?" मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ह्यांना सांगितलं तर हेही हसले. पुढच्या वर्षीपासून आम्ही शेंगा दिल्या.

दुसरी गंमत गल्लीतल्या मंडळाच्या कर्ण्याची. पोरांनी उत्सवात कर्णा नेमका भाभींच्या खिडकीसमोर बांधला. शेठजी तेव्हा आजारी, अंथरुणावर. मी म्हटलं, थांबा, मी बघते एकेकाला. भाभींनी मला दंडाला धरून बसवलं आणि पोरांना हाक मारून चहा पाजला, बुंदी दिली. "काय छान आवाज आहे रे तुमचा!" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कर्णा मुका. वायर सुटलेली. पोरांनी जोडली. तिसऱ्या दिवशी परत सुटलेली. पोरं वैतागली, वायरमनला शिव्या घातल्या, आणि शेवटी कर्णा पार कोपऱ्यावरच्या खांबाला नेला. मी भाभींना एकटीला गाठून विचारलं, "खरं सांगा, तुमीच ना?" त्या म्हणाल्या, "मी? मला विजेची किती भीती!" आणि पदर तोंडाला लावला. ही गोष्ट मी स्टँडवर सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगितली. वाद नाही, भांडण नाही, काम फत्ते. मला त्यांचं ते फार आवडलं होतं. हे आता सांगायला जड जातं, पण आवडलं होतं.

कारण माणूस प्रेमळ होतं. आमचे हे गेले ते नारायणगावच्या दवाखान्यात, दोन दिवसांत, काही कळायच्या आत. दिवस झाले, पाहुणे गेले, लेक चाकणला तिच्या घरी गेली, आणि मी वर एकटी. भाभी रोज ऊन उतरायच्या सुमारास ताट झाकून वर यायच्या. मुगाची खिचडी, कढी. माझ्या घशाखाली घास उतरत नसे. त्या शेजारी बसायच्या. जेवा म्हणायच्या नाहीत. फक्त एवढं सांगितलं की तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. आणि दिवस तर मावळतीला लागलेला. एकदा मावळला की त्यांचं जेवण बुडालं. त्यांना उपास घडू नये म्हणून मी खिचडी गिळायचे. असं किती दिवस त्यांनी मला जेवू घातलं. सख्ख्या बहिणीने केलं नसतं. म्हणून तर पुढचं मला झेपलं नाही.

आता गुलाबाचं सांगते.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी चौकटी नेल्या, वासे नेले, पत्रे नेले. आईने परसातल्या गावठी गुलाबाच्या काड्या तोडून, चिखलाने भरलेल्या डब्यात खोचून नेल्या. आम्हा बहिणींना एकेक दिली. थोरलीची मुंबईत जगली नाही. आईची तिच्यामागे वर्षभरात वाळली. माझी जगली. फिकट गुलाबी फूल, भरगच्च बारीक पाकळ्या, काटे मेले असे की लुगडं सोडायचे नाहीत. आणि वास! नर्सरीत मिळतात त्या मोठाल्या गुलाबांना दिसणं आहे, वास नाही. ह्याच्या एका फुलाने माझा सगळा सज्जा भरायचा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की गावातल्या घरांची जोती उघडी पडतात, आमच्या गावचे लोक बघायला जातात. मी कधी गेले नाही. माझं परस माझ्या सज्जात होतं.

भाभींचा त्या गुलाबावर जीव होता. तोडलेलं फूल त्या घ्यायच्या नाहीत. मी एकदा त्यांच्या अंबाड्यात खोवायला गेले तर मागे सरल्या. "जीव आहे ताई त्यात. झाडावरच राहू द्या. वास घ्यायला काय हरकत?" आणि सकाळी स्थानकात जायच्या आधी जिना चढून वर यायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि निघायच्या. पुढे गुडघे धरले तरी हे चुकलं नाही.

मी रिटायर झाले आणि मला काही सुचेना. खिडकी नाही, पोरांवर ओरडणं नाही. मग झाडांच्या मागे लागले. लोहाराकडून सज्जाच्या लांबीचा लोखंडी स्टँड करून घेतला, त्यावर कुंड्या मांडल्या: मोगरा, तुळस, जास्वंद, आणि मध्यभागी मोठ्या कुंडीत गुलाब. माती आमच्या शेतातली, काळीभोर, ह्यांच्या हाताखालची. मला तीच हवी होती. आणि पाणी सकाळ-संध्याकाळ. झाडाला पाणी घालताना मनाला बरं वाटतं, दुसरं कारण काही नव्हतं. वरून पत्रा होता, त्यामुळे पाऊस आत येत नसे. म्हणून मी पावसाळ्यातही घालायची. जास्तीचं पाणी कुंडीच्या भोकातून गळून सज्जाच्या कडेने खाली जायचं. खाली म्हणजे भाभींच्या दारातल्या फरशीवर.

मी त्यांना विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सगळं घोडं इथंच अडलंय. एक वेळा नाही, चांगलं तीन-चार वेळा विचारलं असेल. "भाभी, पाणी पडतंय का हो तुमच्या दारात? त्रास व्हत असंल तर सांगा, कुंड्या मागच्या बाजूला नेते." दर वेळी एकच उत्तर: "छे छे! पडू द्या की. दार थंड राहतं."

आषाढात मी लेकीकडे चाकणला गेले. घराची किल्ली भाभींकडेच असायची. "झाडांना तेवढं पाणी घाला," सांगून गेले. परत आले तर काय, सज्जा कोरडा ठाक, झाडं ताजी, आणि खालची फरशी घासून लख्ख. "तुमी घातलेलं पाणी खाली कसं नाही पडत?" मी विचारलं. भाभी म्हणाल्या, "मी सावकाश घालते ना." मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मीही सावकाश घालायला लागले, आणि खरंच खाली एक थेंब पडेना. मला वाटलं, जमलं बाई आपल्याला.

श्रावण लागला आणि गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग वरची. कळ्या उमलायच्या आधी माना टाकून गळायच्या. दुपारी तर सगळं झाड कोमेजून लोंबायचं, अगदी तहानेने व्याकूळ झाल्यासारखं. तहानेलं दिसतंय म्हणून मी आणखी पाणी घालायची. माती वर तळं धरायची. मी म्हणायची, काळी माती आहे, पाणी धरून ठेवते, बरंच आहे. मोगराही सुकला. तुळस काळी पडली. भाभी सकाळी वर आल्या की मी त्यांना दाखवायची. "पाणी कमी पडतंय का हो, भाभी?" त्या झाडाकडे बघत राहायच्या. "असंल," म्हणायच्या. पुढे पुढे त्यांनी सज्जात यायचं सोडलं. दारातूनच चौकशी करून परत जायच्या. मी म्हटलं, गुडघे.

मग संवत्सरी आली. त्यांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. दर वर्षी त्या दिवशी भाभी वर येऊन हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "मिच्छामि दुक्कडम. वर्षभरात बोलण्यातनं, वागण्यातनं, मनातनं काही दुखावलं असंल तर क्षमा करा." आणि मी दर वर्षी म्हणायची, "तुमच्याकडून काय व्हणार भाभी? मीच चार वेळा तोंड टाकलं असंल, मलाच करा." मग चहा नाही, कारण त्यांचा उपास, नुसतंच बसायचो. त्या वर्षी त्या आल्या, हात जोडले, नेहमीचं बोलल्या, आणि मग माझे दोन्ही हात धरून रडायला लागल्या. मला गलबलून आलं. वाटलं, म्हातारपण आलंय, शेठजींची आठवण आली असेल. मी त्यांना जवळ घेतलं. "अहो, केली क्षमा. सगळी केली. तुमी कधी कुणाचं वाईट केलंय का?" त्यांनी डोळे पुसले आणि हलक्या मनाने जिना उतरून गेल्या. त्या दिवशी त्यांचे पाय मला बरे वाटले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझा पुतण्या संतोष पिंपरी पेंढारहून झेंडू घेऊन आला. गुलाब तोवर गेलेला होता. काळी काडी उभी होती नुसती. मला मात्र आशा सुटत नव्हती, खालून फुटेल म्हणून पाणी चालूच होतं. संतोषने मातीत बोट घातलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "काकू, ही तुंबलीय. सडलंय आतनं. आणि आपली काळी माती नुसती कशाला घातली? वाळू-बिळू काय मिसळायची." आम्ही दोघांनी मिळून कुंडी कलती केली. गटारासारखा वास आला. मातीचा गोळाच्या गोळा बाहेर आला, आणि मुळांना हात लावला तर त्यांची साल निसटून हातात यायला लागली. गांडुळं फुगून मरून पडली होती, बरीच. संतोष वाकून कुंडीच्या बुडाशी बघत होता. "काकू, भोक कुणी बुजवलं हे?"

पाण्याच्या टाकीला लावतात तसली पांढरी लांबी, भेगा बुजवायचा लगदा, थापलेली होती. स्टँडवर कुंड्या उंच, खालून हात घातला की भोक सापडतं. संतोषने मोगऱ्याची कुंडी तपासली, तुळशीची तपासली. "सगळ्यांना हाये." मी खुरपं घेतलं आणि गुलाबाच्या कुंडीची लांबी उकरली. तिच्या आत, भोकात घट्ट कोंबलेलं, काळं पडलेलं एक फडकं होतं. मी ते ओढून काढलं. जाड, दुहेरी. कडेला लाल दोऱ्याची टीप.

संतोषला काही कळलं नाही. मी त्याला चहा करून दिला, झेंडूबद्दल विचारलं, एसटीत बसवून दिलं. मग ते फडकं मुठीत धरून खाली गेले.

भाभी ओट्यावर मूग निवडत बसल्या होत्या. मी फडकं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते बघितलं आणि मुगाचं ताट खाली ठेवलं.

"शेवाळ धरत व्हतं, ताई," त्या म्हणाल्या. "दारात. चातुर्मासात शेवाळावर पाय देता येत नाही आमाला. केवढे जीव असतात त्यात. माझं पुढच्या दारानं स्थानकात जायचंच बंद झालं. मागच्या दारानं जायचे, तिथं पायऱ्या, गुडघे..."

"मग मला सांगायचं! मी विचारलं नव्हतं तुमाला? किती वेळा विचारलं?"

"तुमचं मन कसं मोडायचं? एवढ्या हौसेनं मांडल्या व्हत्या कुंड्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटलं, वाया जातंय पाणी. भोक बंद झालं तर झाडालाच मिळंल सगळं."

हे खरं होतं, मला खात्री आहे. त्यांनी जन्मात माती उकरली नव्हती, झाड लावलं नव्हतं. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये एवढंच त्यांना कळायचं. कुंडीला भोक मुळांना श्वास घेता यावा म्हणून असतं हे त्यांना कोण सांगणार? इथपर्यंत मी समजून घ्यायला तयार होते. खरंच होते.

"आणि पिवळं पडायला लागलं तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा कळलं नाही?"

"कळलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुमी बाजारात गेल्या व्हत्या तेव्हा काढायला आले एकदा. निघंना. कडक झालेलं."

"मग तेव्हा तरी बोलायचं ना, भाभी! झाड वाचलं असतं माझं! माझ्या आईचं झाड व्हतं ते, तुमाला ठाऊक व्हतं!"

मी ओरडत होते. समोरच्या दुकानातले लोक बघायला लागले. भाभींनी सवयीने माझा हात धरायला हात पुढे केला, मी माझा मागे घेतला. तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी क्षमा मागितली व्हती, ताई. संवत्सरीला. तुमी केली पण."

मला त्यांच्या त्या शब्दांनी जेवढं लागलं तेवढं झाड मेल्याचंही लागलं नव्हतं. म्हणजे त्या रडल्या होत्या ते ह्यासाठी. वर गुलाब सडत होता, अजून एखादं मूळ जिवंत असेल तेव्हा, आणि माझ्याच घरात, माझे हात धरून, त्यांनी माझ्याकडून क्षमा काढून नेली होती. कशाची ते न सांगता. आणि मी मूर्ख, त्यांना जवळ घेऊन दिली होती. त्यांच्या लेखी हिशोब मिटलेला होता, म्हणून तर त्या दिवशी पाय हलके झाले होते.

मी जिना चढून वर आले. गुलाबाच्या काडीचे तुकडे करून पाण्यात ठेवले, मातीत खोचले, राखेत खोचले. आतून सगळं तपकिरी झालेलं. एकही फुटलं नाही.

आम्ही बोलणं टाकलं असं नाही; एका जिन्याच्या माणसांना ते परवडत नाही. "बरं आहे ना ताई?" "बरं आहे." एवढंच. दिवाळीला त्यांनी ताट पाठवलं, मी ते घेतलं आणि हिराबाईला दिलं. स्टँड मी लोहाराला परत दिला. रिकाम्या कुंड्या गच्चीवर पालथ्या घातल्या. खालची फरशी कोरडी राहिली आणि भाभी रोज पुढच्या दाराने स्थानकात जात राहिल्या. उन्हाळ्यात राजेंद्र त्यांना गुडघ्यांच्या उपचारासाठी पुण्याला घेऊन गेला.

पुढच्या संवत्सरीला त्या पुण्याहून गाडी करून ओतूरला आल्या. सकाळी स्थानकात जाऊन आल्या आणि मग आमच्या जिन्यावर काठीचा आवाज आला. एकेक पायरी, मध्येच थांबा. मी उठले नाही. दार उघडंच होतं. त्या आत आल्या, खूप वाळल्या होत्या, फुली तेवढी चमकत होती. काठी भिंतीला लावून त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, सुमनताई. वर्षभरात काही दुखावलं असंल तर..."

"कशाची क्षमा ते बोला," मी म्हटलं.

त्यांनी पदर सारखा केला.

"एकदा तोंडानं बोला, भाभी. मी हे हे केलं, आणि तुमच्यापासून लपवलं. एवढं बोला. मी लगेच करते. देवाशप्पथ करते." मला त्यांचं काही नको होतं, एवढं एक वाक्य हवं होतं. त्यांनी एकदा रिकाम्या सज्जाकडे बघितलं. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील, आणि खरं सांगते, मी पुढे होऊन त्यांचा हात धरायच्या बेतात होते.

"सगळ्याचीच," त्या म्हणाल्या. गोड हसल्या. "निघते ताई. राजेंद्र खोळंबलाय."

क्षमा केली असं मी म्हटलं नाही. केली नाही असंही म्हटलं नाही. काठीचा आवाज पायरी-पायरीने खाली गेला. मी सज्जात येऊन उभी राहिले.

खाली दारात गाडी उभी होती. फरशीवर कुणाच्या तरी हातून गूळ सांडला असावा, उंबरा आणि गाडी यांच्या मधोमध मुंग्यांची आडवी रांग लागली होती. भाभी रांगेपाशी थांबल्या. एक पाऊल टाकलं असतं तर ओलांडता आली असती, पण ते नीट उचललं जाईल याचा त्यांना भरवसा नसावा. राजेंद्र म्हणाला, "आई, चल ना." त्यांनी त्याला हाताने थांबवलं. मग भिंतीला धरून, काठी टेकवण्याआधी जागा बघून बघून, त्या रांगेच्या पार टोकापर्यंत गेल्या आणि वळसा घालून गाडीकडे आल्या. बसताना त्यांना वेदना झाल्या, ते वरूनही दिसलं. वर मात्र त्यांनी पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. थंडीत त्या पुण्यालाच वारल्या. मला त्या दिसल्या त्या तेवढ्याच.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी जिना उतरून खाली गेले आणि वाकून फरशी बघितली. एकही मुंगी मेली नव्हती.